कॅराव्हॅनचं चाक आणि टायर दोन्ही गेलंय, नवीन घेताना नक्की काय काय जुळवून बघायचं?

सांगलीकरीण_यूके:
नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय. आम्ही कारमागे कॅराव्हॅन (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) जोडून कॉर्नवॉलला गेलो होतो, परत येताना एका अगदी चिंचोळ्या रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला म्हणून गाडी डावीकडे दाबून घेतली. तिकडचे ते रस्त्याकडेचे बांध वरून हिरवेगार झुडपाचे दिसतात पण आत सगळा दगड रचलेला असतो, त्यातला एक दगड बाहेर आलेला, तो नेमका कॅराव्हॅनच्या डाव्या चाकाला लागला. हवा लगेच गेली नाही, पण पुढे ले-बायमधे थांबून बघितलं तर टायरच्या साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा आलेला आणि अलॉयची कड आत वळलेली, वळलंय तिथे बारीक तडाही दिसतोय. स्टेपनी लावून हळूहळू घरी आलो.

व्हॅन सिंगल अ‍ॅक्सल, आल्को कंपनीची चासी, कागदावरचं एमटीपीएलएम (भरलेल्या व्हॅनचं जास्तीत जास्त वजन) १४०० किलो. जुना टायर १८५ आर १४ सी, त्यावर पुढे १०२ लिहिलंय, डीओटीचे (टायर कधी बनला त्या कोडचे) शेवटचे चार आकडे ३११८. चाकाला पाच बोल्ट. आता प्रश्न असा की इथला जवळचा टायरवाला म्हणतो १८५/७० आर १४ आहे माझ्याकडे, १४ चाच आहे, उद्या लावून देतो, आणि खूपच स्वस्त सांगतोय. दुसरं म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण म्हणाला की भंगारवाल्याकडून पसाटचं अलॉय घ्या, पीसीडी (बोल्ट किती आणि ते किती मिमी व्यासाच्या वर्तुळावर) सेमच आहे ५ बाय ११२. बरोबर आहे का हे? आणि टायर एकच बदलू की दोन्ही? सासूसासरे आलेत सांगलीहून, त्यांना या महिन्यातच लेक डिस्ट्रिक्ट दाखवायचंय, त्यामुळे पटकन करायचंय पण उगाच काहीतरी जुगाड नको.

कोव्हेंट्रीकर:
ताई तो १८५/७० वाला टायर अजिबात घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. १४ म्हणजे फक्त रिमचा साइज जुळला, बाकी काहीच नाही. तुमच्या जुन्या टायरवर जो १०२ आहे तो लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ८५० किलो पेलतो. १८५/७० आर १४ हा साध्या कारचा टायर, त्याच्यावर बहुतेक ८८ असतं, म्हणजे ५६० किलो. दोन टायरचे झाले ११२०. तुमची व्हॅन भरली की १४००. सरळ हिशोब आहे, टायर पहिल्या दिवसापासून ओव्हरलोड. कारला चार चाकं असतात, इथे सगळं वजन दोनच चाकांवर आहे आणि एक गेलं की सांभाळायला तिसरं नाही.

इथे सगळे जाणकार असंही सांगतात की टायर त्याच्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंतच वापरा, थोडी जागा राखून. १४०० ला त्या हिशोबाने प्रत्येक टायर निदान ७७८ किलोचा हवा, म्हणजे लोड इंडेक्स १०० (८०० किलो) किंवा वर. ९९ म्हणजे ७७५, तो सुद्धा थोडक्यात कमी पडतो. तुमचा १०२ कंपनीने उगाच नाही दिलेला. त्या 'सी' चा अर्थ कमर्शियल, जाड साइडवॉलचा टायर, जास्त हवा सहन करणारा. तोच साइज, तोच इंडेक्स मागा, तोंडाने सांगू नका, लिहून द्या.

अजून एक, व्यासात पण फरक आहे दोघांच्या. १८५ आर १४ सी साधारण ६५० मिमी आणि १८५/७० वाला ६१५ च्या आसपास. एका बाजूला तो लावला तर व्हॅन त्या बाजूला कलणार. आणि तुमच्याकडे मोटर मूव्हर (टायरवर रोलर दाबून व्हॅन कारशिवाय हलवणारी मोटर) असेल तर त्याचा रोलर टायरला नीट धरणारच नाही. मूव्हर आहे का?

एक की दोन, तर दोन्ही. ३११८ म्हणजे २०१८ चा ३१ वा आठवडा. कॅराव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून राहून म्हातारे होतात, नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर आतून कडक झालेलं असतं. पाच वर्षांनंतर बदलायचं बघा आणि सातच्या पुढे तर नकोच, हे इथे सगळीकडे सांगतात. उजवा टायर पण त्याच वयाचा असणार. स्टेपनीचा कोड पण बघून घ्या हं, ती खाली अंधारात लटकलेली असते, तिच्याकडे कुणी बघतच नाही.

भटक्या७७:
अलॉय टाकून का देताय? आपल्याकडे पुण्यात लेथवर धरून, गरम करून सरळ करून देतात, तडा असेल तर आर्गन वेल्डिंग मारतात, माझ्या कारचं चाक तसंच केलं होतं व्यवस्थित चाललं. यूकेत पण अलॉय रिपेअरवाले आहेत की, नवीन अलॉय किती महाग मिळतं ते बघितलंय का.

गावरान_मिस्त्री:
भटक्या भाऊ, तुमचा अनुभव खरा असेल पण इथे नको. नुसती कड थोडी वाकली असती तर एखाद्या चांगल्या माणसाला दाखवा म्हटलं असतं. तडा गेलाय म्हटल्यावर विषय संपला. अलॉय हे ओतीव अ‍ॅल्युमिनियम, गरम केलं की त्याची मूळ ताकद जाते, वेल्डिंगच्या शेजारी नवीन तडा धरतो आणि तो रंगाखाली असल्यामुळे दिसत पण नाही. त्यात कॅराव्हॅनचं चाक तुटताना ड्रायव्हरला काहीच कळत नाही, स्टिअरिंगला हादरा येत नाही, मागून कुणीतरी लाइट मारतो तेव्हा समजतं. ते चाक भंगारात द्या आणि देताना त्यावर खूण करा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडणार नाही.

आता पसाटच्या अलॉयचं. ५ बाय ११२ जुळतं हे खरंय पण पीसीडी जुळलं म्हणजे चाक जुळलं असं होत नाही. मधलं भोक बघा, फोक्सवॅगनचं ५७.१ मिमी, आल्कोच्या हबला त्यापेक्षा मोठं लागतं, मग ते बसणारच नाही आणि कुणी कातून बसवून देतो म्हणाला तर तिथून निघा. मग ऑफसेट, म्हणजे चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं ते. चाकाच्या मागच्या बाजूला ईटी आणि पुढे आकडा असतो, तो मूळ चाकाएवढाच पाहिजे, नाहीतर टायर आत सरकून चासीला नाहीतर बाहेर येऊन व्हील आर्चला घासतो. आणि ज्याच्याकडे कुणी बघतच नाही ते म्हणजे चाकाचा स्वतःचा लोड. टायर ८५० किलोचा घेतला आणि चाक ६०० चं असेल तर काय उपयोग? हा आकडा पण मागेच कोरलेला असतो, जुनं चाक उलटं करून ब्रशने घासा, दिसेल.

बोल्टकडे पण लक्ष द्या. आल्कोला साधारण एम १२ बाय १.५ असतात, पण काही चाकांना बोल्टची बैठक निमुळती लागते, काहींना गोल. चुकीची बैठक लावली की बोल्ट घट्ट वाटतो पण चाकाला नुसता एका रेघेत टेकलेला असतो आणि पन्नास मैलात सैल होतो. तुमची स्टेपनी स्टीलची आहे ना? मग अलॉयचेच बोल्ट तिला चालतात का ते हँडबुकात बघा, काही व्हॅनसोबत स्टेपनीचे बोल्ट वेगळे येतात, पिशवीत कुठेतरी पडलेले असतात.

सांगलीकरीण_यूके:
बापरे, खूप खूप आभार सगळ्यांचे. टायरवाल्याला नाही सांगितलं आत्ताच फोन करून. हो मूव्हर आहे. आणि व्हॅन चोरीला जाऊ नये म्हणून आल्कोचं ते लाल लॉक पण आहे, चाकाच्या फटीतून आत बसतं ते. त्याचा काही संबंध येतो का?

कोव्हेंट्रीकर:
येतो तर! बरं झालं विचारलंत. ते लॉक प्रत्येक अलॉयच्या डिझाइनप्रमाणे वेगळं येतं, त्यावर नंबर असतो. वेगळ्या नक्षीचं अलॉय घेतलंत तर लॉक फटीतून जाणारच नाही, आणि इन्शुरन्समधे तेच लॉक लिहिलेलं असेल तर ती वेगळी डोकेदुखी. म्हणून व्हॅनचं मॉडेल आणि साल सांगून तसंच चाक मागवा, कॅराव्हॅन डीलरकडे नाही मिळालं तर कॅराव्हॅनचे जुने पार्ट विकणाऱ्यांकडे विचारा, तेच मूळ चाक सुस्थितीत मिळून जातं बऱ्याचदा.

मूव्हरचं असं की रोलर बाजूला असताना टायरपासून साधारण २० मिमी लांब पाहिजे. नवीन टायरची नक्षी जाड असते त्यामुळे ते अंतर कमी होतं, टायर बसवल्यावर दोन्ही बाजूंना मोजून घ्या आणि लागलं तर मूव्हर सरकवून घ्या.

आणि टायर काढायला देण्याआधी रिमला आतून टायरॉनचा पट्टा आहे का ते कागदांत बघा, स्टीलचा पट्टा असतो, टायर फुटला तर तो रिमवरून निसटू नये म्हणून. असला तर टायरवाल्याला आधी सांगायचं, त्याला वेगळं हत्यार लागतं, सगळ्यांकडे नसतं.

पर्थवाली_आत्या:
इकडे ऑस्ट्रेलियात आमचं सगळंच वेगळं आहे, व्हॅनला सहा स्टड १३९.७ आणि बोल्ट नाही नट, टायर लाइट ट्रकचे. तरी एक सांगते जे दोन्हीकडे लागू पडतं. गिब रिव्हर रोडवर आम्ही प्रत्येक थांब्याला चाकाच्या मधे हबजवळ हात नेऊन बघतो, लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक धरलेला असतो. तसंच पुढे जायचं नाही. तुझ्या चाकाला दगडाचा जो दणका बसला तो नुसता चाकाला नाही बसलाय बाळा, तो हबला आणि अ‍ॅक्सलला पण पोचलाय. नवीन चाक लावलंस आणि बेअरिंग दुखावलेलं राहिलं तर पुन्हा तेच. बघून घे हं.

डर्बीचा_दादा:
आत्यांचं शंभर टक्के बरोबर. जॅकवर व्हॅन उचलली असताना चाक वर-खाली धरून हलवा, मग हाताने फिरवा, खरखर किंवा डुगडुग वाटली तर वर्कशॉपला न्या. ड्रमच्या मधे जो एकच मोठा नट दिसतो त्याला स्वतः हात लावू नका, आल्कोच्या बऱ्याच हबवर तो एकदाच वापरायचा असतो आणि २९० न्यूटन मीटरला आवळावा लागतो.

आणि खाली वाकून टॉर्च मारा. व्हील आर्चच्या आतलं प्लास्टिक फाटलंय का, ब्रेकची केबल कुठे ताणलीय का, वायरी, सांडपाण्याचा पाइप, आणि सगळ्यात महत्त्वाचं गॅसची नळी, काही व्हॅनमधे ती चाकाच्या अगदी जवळून जाते. चेपलेली दिसली तर सिलिंडर बंद करा आणि गॅसवाल्याला दाखवल्याशिवाय चहा पण करू नका व्हॅनमधे. टायर फुटून त्याचे तुकडे फडफडले असते तर हे सगळं नक्कीच तुटलं असतं, तुम्ही वेळेत थांबलात ते फार छान केलंत.

जॅक लावताना व्हॅन कारला जोडलेलीच राहू दे, दोन्ही हँडब्रेक वर, उजव्या चाकाला पुढून मागून ठोकळे लावा, आत कुणी बसायचं नाही, आजीआजोबा पण नाही. कोपऱ्यातले जे चार पाय असतात ते व्हॅन डुलू नये म्हणून आहेत, वजन उचलायला नाहीत, त्यांच्यावर उचललीत तर फ्लोअर फाटेल. आल्कोचा साइड जॅक असेल तर तो चासीवरच्या त्याच्या ब्रॅकेटलाच. बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने, व्हॅन खाली घेतल्यावर टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना). ऑइल-ग्रीस काही लावायचं नाही थ्रेडला. टॉर्कचा आकडा हँडबुकातूनच घ्या, स्टीलला आणि अलॉयला वेगळा असतो, ९० पासून १३० पर्यंत काहीही असू शकतो. टायरवाल्याने गनने ठोकून दिलं असेल तर सैल करून परत स्वतः आवळा. आणि ३० मैल झाले की थांबून पुन्हा एकदा रेंच लावायचा, हे चुकवू नका, नवीन चाक बैठकीत बसताना थोडं सैल होतंच.

मोटरवेवर असं काही झालं तर यातलं काहीही स्वतः करायचं नाही, डावीकडच्या दारांनी सगळ्यांनी उतरायचं, बॅरिअरच्या पलीकडे जायचं आणि फोन करायचा. तिथे वॉर्निंग ट्रँगल पण ठेवायला जायचं नाही.

भटक्या७७:
मिस्त्री, पटलं. मी कारच्या हिशोबाने बोलत होतो, कॅराव्हॅनला दोनच चाकांवर सगळं वजन असतं हा मुद्दा डोक्यात नव्हता. माझ्या त्या वेल्डिंगच्या चाकाचं पण आता बघतो.

सांगलीकरीण_यूके:
अपडेट देते. जुन्या कॅराव्हॅनचे पार्ट विकणाऱ्याकडे आमच्याच मॉडेलचं अलॉय मिळालं, मागचा ईटीचा आकडा आणि लोड दोन्ही आमच्या उजव्या चाकाशी ताडून बघितला, लाल लॉक पण लावून बघितलं, बसतंय. टायर दोन्ही नवीन घेतले, १८५ आर १४ सी, १०२, डीओटी या वर्षीचा आहे का ते दुकानातच बघितलं, पहिले जे आणले होते ते दोन वर्षं पडून असलेले निघाले ते परत केले. व्हॉल्व्ह पण नवीन घातले. मोबाइल वर्कशॉपवाल्याने ड्रम काढून बेअरिंग बघितलं, ठीक आहे म्हणाला, ब्रेकची केबल पण ठीक. गॅसची नळी आमच्यात दुसऱ्या बाजूने जाते. मूव्हरचं अंतर डावीकडे १४ मिमी भरलं, ते उद्या सरकवून घेणार.

स्टेपनी मात्र जुनीच निघाली, डीओटी २०१४ चा! त्यावरच आम्ही कॉर्नवॉलहून आलो. आता उजवीकडचा जो टायर काढला तो २०१८ चा, दिसायला चांगला आहे, तो स्टेपनीला घालू का?

गावरान_मिस्त्री:
नको. तो पण सातच्या पुढेच गेलाय, आणि स्टेपनी लागते तेव्हा व्हॅन भरलेली असते आणि घर लांब असतं. तिसरा पण नवीन घ्या, त्याच दुकानातून त्याच साइजचा. हवा बाकी दोघांएवढी भरून ठेवा आणि खालच्या कॅरिअरच्या नळ्यांना ग्रीस मारा, गंजून अडकल्या की भर पावसात बाहेर ओढताना हाल होतात.