पाच फुटी बिबट्या: ठिपके जमले, पण चित्र माझं वाटत नाही

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): ५ × ४ फुटी कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकमध्ये येऊरच्या जंगलातला बिबट्या करतोय. ग्रिड टाकून (फोटोवर नि कॅनव्हासवर चौकटी आखून) ठिपका न् ठिपका उतरवला, तरी फोटोची नक्कलच वाटते. स्वतःची शैली कशी येईल?

उत्तर १: फोटो बाजूला ठेवा. पोस्टकार्डाएवढी १०-१२ रेखाटनं आठवणीतून करा. खांद्याचा उंचवटा, शेपटीचा बाक, जे प्रत्येकात आपसूक येतं तोच तुमचा हात. तेच मोठं करा. मग ३ इंची सपाट ब्रशने फक्त तीन छटा लावा: उजेड, मध्यम, सावली. काळी ट्यूब नकोच. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून होणारा काळा जास्त जिवंत दिसतो.

उत्तर २: ठिपके सगळ्यात शेवटी! पाठीवर नि कुशीवर तुटक कडी (मधे पोकळ, गोलसर ठिपके) असतात, डोक्यावर आणि पायांवर भरीव ठिपके. पोटाकडे अंग वळतं तिथे कडी चपटी दिसायला हवीत. सगळी एकसारखी काढली की जनावर छापील चादर होतं. आणि सध्या हवा दमट आहे, अर्धवट सुकलेल्या थरावर ब्रश घासलात तर खालचा रंग उचलला जाईल. पंखा लावा.

प्रश्नकर्ता: मग आधीचे ठिपके खरवडू?

उत्तर १: नको. ऑकरचा (मातकट पिवळ्या रंगाचा) पातळ थर द्या. थोडे खालून दिसू देत.