केमोमुळे आईची नखं सुटताहेत, काय करू?

आईचे पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचे ८ डोस झालेत. अंगठ्याचं नख काळंनिळं पडून टोकाकडून उचललंय. काल मेथी निवडताना देठ त्यात अडकला, डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. ब्लाउजचे हूकही मीच लावते, ते तिला फार लागतं मनाला. कुणाला अनुभव?

— ताई, नख ओढू नका. मी आखूड कापून पट्टी लावायचे, रात्री खोबरेल. भांड्यांना रबरी हातमोजे, आतून सुती. माझी नखं सहाएक महिन्यांत परत आली.

— केमोचं सलाईन चालू असताना बर्फाचे गार हातमोजे घालतात, नुकसान कमी होतं. डॉक्टरांना विचारा.

— पू आला किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला तर रात्रीसुद्धा फोन करा.

— आभार. पट्टी लावली. आज मेथी मी निवडली, ती शेजारी बसून सांगत होती.