मदत हवी आहे: उन्हाळ्यात टीएमटी नॉर्मल आली होती, तरी दादाला अटॅक कसा आला?

नमस्कार मंडळी. माझ्या दादाला (वय ४३, उदगीरला कृषी सेवा केंद्र आहे) मागच्या आठवड्यात हार्ट अटॅक आला. सकाळी दुकान उघडताना दरदरून घाम फुटला, जबडा आणि डावा खांदा दुखायला लागला, छातीत फार काही नव्हतं म्हणून तो पित्ताची गोळी घेऊन बसून राहिला, पण वहिनीला त्याचा चेहरा बघूनच शंका आली आणि तिने सरळ गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ईसीजीत अटॅक दिसला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच दिलं, मग लातूरला हलवलं आणि दुसऱ्या दिवशी अँजिओ करून एक स्टेंट टाकला. आता घरी आलाय, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ४५ टक्के सांगितलंय.

माझं डोकं एकाच गोष्टीपाशी अडकलंय. उन्हाळ्यात त्याने फुल बॉडी चेकअप केलं होतं, ईसीजी नॉर्मल, ट्रेडमिलवर चालवतात ती टीएमटी नॉर्मल, टोटल कोलेस्टेरॉल १८८. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३१, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २४०, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२. मग एवढ्या थोड्या काळात नस बंद कशी काय झाली?

दादा बिडी-सिगरेट-दारू काही घेत नाही, पण तंबाखू-चुना कॉलेजपासून आहे, दिवसभर गालात असते. त्याचं म्हणणं, धूरच जात नाही तर हृदयाचा काय संबंध. आमचे अण्णा पण ५१ व्या वर्षी झोपेतच गेले, तेव्हा कोणी काही तपासलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण वेगळं कारण सांगतोय, कोणी कोविडची लस म्हणतं, कोणी उधारीचं टेन्शन. मी पुण्यात असते, वय ३९, त्रास काही नाही पण भीती बसलीये. मी कोणत्या टेस्ट करू? आणि दादाला तंबाखूचं कसं पटवू? कृपया माहितगारांनी सांगा.

माळरान:
ताई, आधी वहिनींना माझा नमस्कार सांगा. ते इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो, त्यांनी ते मिळवून दिलं. मी फिजिशियन आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीएमटीत चालताना हृदयाला जास्त रक्त लागतं, नस साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त अरुंद असेल तर ते पुरत नाही आणि ईसीजीत फरक दिसतो. ३०-४० टक्क्यांचं ब्लॉकेज त्यात सापडत नाही. आणि बरेच अटॅक अशाच छोट्या ब्लॉकेजवर येतात. नसेच्या अस्तराखाली चरबी साठून सूज आलेली असते, वरचा पापुद्रा पातळ झाला की ते पिकलेल्या गळवासारखं फुटतं, शरीर त्याला जखम समजून तिथे रक्त गोठवतं, आणि त्या गुठळीने नस बघता बघता बंद होते. म्हणजे उन्हाळ्यातला रिपोर्ट चुकीचा नव्हता, त्या टेस्टला हे दिसतच नाही.

पण बाकीचे आकडे नॉर्मल नव्हते हो. टोटल १८८ मधून एचडीएल ३१ वजा करा, १५७ उरतात, हे सगळं नसेत जमा होऊ शकणारं कोलेस्टेरॉल. कमी एचडीएल, जास्त ट्रायग्लिसराईड, शुगर बॉर्डरवर आणि बहुतेक पोट सुटलेलं, ही जोडी आपल्या लोकांत फार दिसते आणि टोटलच्या आकड्यामागे लपून जाते. आता अटॅकनंतर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली आणायचं असतं. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) आणि रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करू देऊ नका, त्या दोन गोळ्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

तुमच्यासाठी: बीपी, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाईल आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण). हे शेवटचं आनुवंशिक असतं, नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा नसतं. भावाला ५५ च्या आत अटॅक आला म्हणजे तुमच्याकडे घरातला इतिहास आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आणि बायकांमध्ये कधी कधी छातीत न दुखता नुसता दम लागणं, मळमळ, प्रचंड थकवा एवढंच होतं, ते अंगावर काढू नका.

चंद्रभागा:
तंबाखूबद्दल, दादांना हे दाखवा. २००४ साली इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला मोठा अभ्यास आला, डॉ. सलीम युसुफ यांचा. आपल्या भागातल्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक बाकी जगापेक्षा काही वर्षं आधी येतो हे त्यात दिसलं. त्याच माहितीवरून पुढे तंबाखूचा वेगळा हिशोब केला तेव्हा नुसती चघळणाऱ्यांचा धोकाही साधारण दुप्पट निघाला. निकोटीन गालातून थेट रक्तात जातं, त्याला धूर लागत नाही. आमच्याकडे काकूंच्या मिश्रीबद्दलही हेच समजावत बसावं लागलं. सरकारची फुकट हेल्पलाईन आहे १८००११२३५६, तिथे फोनवर समुपदेशन करतात. दादांच्या हातातच फोन द्या, तुम्ही बोलू नका.

लशीचं म्हणाल तर आयसीएमआरने (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) २०२३ मध्ये १८ ते ४५ वयाच्या लोकांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, लसीने धोका वाढल्याचं निघालं नाही. टेन्शन मात्र खरं कारण आहे, पण ते एकटं नसतं.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. अण्णांचं पण हेच असेल का हे आता कधीच कळणार नाही, पण दादाचं तरी समजलं. गळवाचं उदाहरण त्याला फोनवर वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग पुडी वहिनीकडे दिली म्हणाला. हेल्पलाईनचा नंबर वहिनीला पाठवलाय. एकच विचारायचं होतं, लिपोप्रोटीन ए ला उपाशीपोटी जावं लागतं का?

माळरान:
नाही, कधीही दिली तरी चालते. रिपोर्टवर युनिट बघा, काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये. मिलिग्रॅममध्ये ५० च्या वर आली तर कार्डिओलॉजिस्टला दाखवा, आणि मग मुलांचीही एकदा करून घ्यायची का ते त्यांनाच विचारा.