'परस्पर शुल्क' म्हणजे कोणाच्या परस्पर?

बोरीकाठ
अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी वाचनालयाच्या दाराशी एक फळा आहे. आठवड्याची एक बातमी त्यावर सोप्या मराठीत लिहायची, हे काम माझ्या गळ्यात पडलंय. या वेळी ट्रम्पच्या टॅरिफवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर लावलेल्या करावर लिहिलं. इंग्रजी मजकुरात 'रेसिप्रोकल टॅरिफ' होतं, मी आपलं 'परस्पर शुल्क' लिहून मोकळा झालो. खडूचे हात झटकत मागे वळलो तर आबा उभे. शिक्षण सातवी, पण पेपर जाहीर नोटिशींसकट वाचणारा माणूस. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "अमेरिकेने भारतावर परस्पर शुल्क लावले." मग म्हणाले, "बरोबर शे. आमले कोनी इचारं?"

मी समजावलं की आबा, इथे परस्पर म्हणजे एकमेकांवर. तू माझ्यावर लावतोस, मी तुझ्यावर लावतो. आबा म्हणाले, "बँकेनं माझ्या खात्यातून विम्याचा हप्ता परस्पर कापला, तेव्हा मी बँकेचा काय कापला होता?"

मी गप्प. जाणकारांनी सांगावं, 'परस्पर'चा खरा अर्थ कोणता? आणि रेसिप्रोकलला काय लिहू? फळा अजून तसाच आहे.

व्याकरणदास
शब्द संस्कृत आहे आणि अर्थ 'एकमेकांस' हाच. पसायदानात 'भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें' म्हटलंय, तिथे कोणी कोणाला डावललेलं नाही. 'न विचारता' हा अर्थ बोलीत घुसलेला. वाचनालयाच्या फळ्यावर तरी प्रमाण मराठी राहू द्या.

तापीपल्याड
घुसलेला? गुरुजी, 'परस्पर जमीन विकली', 'वर्गणी परस्पर लाटली', 'भांडण परस्पर मिटवलं' ही वाक्यं कोर्टाच्या कागदापासून लग्नघरापर्यंत सगळीकडे आहेत. निम्मा महाराष्ट्र रोज वापरतो तो अर्थ बोलीतला कसा?

मला दिसतं ते असं. नामाला चिकटला की एकमेकांचा : परस्पर संमती, परस्पर सहकार्य. क्रियापदाला चिकटला की मधल्या माणसाला वगळून : परस्पर विकली, परस्पर गेला. आणि मागे 'च्या' आला तर विषयच संपला : 'बापाच्या परस्पर शेत विकलं' याचा दुसरा अर्थ कोणी काढून दाखवावा. आता बोरीकाठ यांचं वाक्य बघा. 'परस्पर शुल्क | लावले' असं तोडलं तर तुमचा अर्थ, 'परस्पर | शुल्क लावले' असं तोडलं तर आबांचा. आबांनी चुकीचं वाचलेलं नाही, तुम्ही दुतोंडी लिहिलंत.

नवापूर_अर्धे_इकडे
आमच्याकडे याला सरळ 'बारोबार' म्हणतात, गुजरातीतून आलेला. स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत, तिथे शब्द कुठे थांबणार? 'माल बारोबार सुरतला गेला' म्हणजे आडत्याला न दाखवता. तुमचं परस्पर ते हेच.

भरीतप्रेमी
पर + स्पर्श = परस्पर. म्हणजे परक्यानं हात लावणे. खात्यातले पैसे परस्पर जातात ते यामुळेच. :)

व्याकरणदास
पर + पर. स्पर्शाचा काही संबंध नाही. असल्या व्युत्पत्त्यांनीच वाटोळं झालंय.

केळीचा_घड
शब्द कुठलाही घ्या, ट्रम्प चुकला कुठे ते सांगा. तो त्याच्या देशाचं बघतो. आपण त्यांच्या मालावर शुल्क लावतच होतो की. हार्ले डेव्हिडसन मोटरसायकलवरच्या शुल्कावरून तो पहिल्या कारकिर्दीपासून बोंबलतोय. २०१८ साली आपण ते ५० टक्क्यांवर आणलं तरी त्याचं समाधान नव्हतं. 'जशास तसे शुल्क' लिहा, गावातल्या कोणालाही कळेल. आणि २०२० च्या फेब्रुवारीत अहमदाबादच्या मोटेरा स्टेडियमवर त्याच्यासाठी टाळ्या पिटणारेच आज त्याला शिव्या घालतायत, त्याचं नवल वाटतं. रावेरच्या पारावर मी त्याच्या बाजूनं बोललो तर चहा मागवणं बंद झालं.

आहेराची_वही
'जशास तसे' असतं तर माझी काही तक्रार नव्हती. आमच्या घरी लाल कापडात बांधलेली आहेराची वही आहे, आजीच्या वेळेपासूनची. कोणी ५१ दिले, कोणी स्टीलचं ताट, कोणी पातळ. त्यांच्या घरी लग्न निघालं की आई वही काढून जमिनीवर बसते, बोट फिरवत नाव शोधते, तेवढंच देते, वर एक रुपया. दिलेल्या आहेरापुढे बारीक फुली. याला म्हणतात रेसिप्रोकल.

आता २ एप्रिल २०२५ ला त्यानं जो तक्ता धरला होता तो आठवा. भारतासमोर ५२ आणि शेजारी २६. सगळ्यांना वाटलं आपण ५२ टक्के लावतो, तो दिलदारपणे निम्मंच लावतोय. पण ५२ हे आपलं शुल्क नव्हतंच. २०२४ मध्ये अमेरिकेनं आपल्याकडून साधारण ८७ अब्ज डॉलरचा माल घेतला, आणि आपल्याशी व्यापारात त्यांची तूट, म्हणजे विकलं त्याहून जास्त घेतलं ते, सुमारे ४६ अब्ज. ४६ भागिले ८७, आले ५२ च्या आसपास. त्याचं निम्मं २६. म्हणजे वही उघडलीच नाही. तुमच्या घरी आमची किती माणसं जेवली, आमच्याकडे तुमची किती, त्यावरून आहेर ठरवला! पुढे ऑगस्टमध्ये आधी २५ लागलं, मग रशियाचं तेल घेता म्हणून २७ तारखेपासून आणखी २५. त्या दिवशी आमच्याकडे गणपती बसले होते. हे दुसरं २५ तर कुठल्याच अर्थानं परस्पर नव्हे, त्याला दंड म्हणतात.

तेव्हा 'जशास तसे' लिहिलंत तर फळ्यावर खोटं लिहिल्यासारखं होईल. आबांचा अर्थ त्यातल्या त्यात खरा.

व्याकरणदास
अनुवादकानं मूळ शब्दाचा अर्थ द्यावा, मूळ माणसाची नियत नव्हे. तो त्याला रेसिप्रोकल म्हणतो, तर मराठीतही तेच यायला हवं. 'अन्योन्य शुल्क' लिहा, संदिग्धता संपली.

तापीपल्याड
अन्योन्य शुल्क! आबा विचारतील, हे कोणत्या देवाचं स्तोत्र?

भरीतप्रेमी
साटंलोटं शुल्क. तुमची पोरगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे.

सासर_धुळे
तुम्ही 'परस्पर' धरून बसलात, माझी अडचण 'शुल्क' आहे. बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत. सप्टेंबरात 'एच-वन-बी वर १ लाख डॉलर शुल्क' अशी बातमी आली, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर. त्याच्या सासूबाईंना वाटलं की कापसाच्या गाठीवर लागतं तसं जावयावर लागलं, आणि ते त्यानंच भरायचं. रात्री अकराला फोन, रडारड. फी आणि आयातीवरचा कर या दोन्हींना आपण एकच शब्द का वापरतो? जुन्या ग्रंथांत तर मुलीच्या बापाला द्यायच्या पैशालाही शुल्क म्हटलंय. आयातीसाठी 'जकात' चांगला होता, नाक्यांसोबत गेला.

केळीचा_घड
जकात अरबी आहे, गुरुजींना चालेल का?

व्याकरणदास
रुळलेला आहे. चालेल.

तापीपल्याड
वा! अरबीतून आलेला रुळला, आणि आमचा 'परस्पर' मात्र घुसला.

कवडी_कापूस
आणखी एक. 'भारतावर शुल्क लावले' हेच मुळात चूक. ते पैसे भरतो तिथला आयात करणारा व्यापारी. 'भारतीय मालावर' लिहा. पण थांबा, आमच्यावर लागलं ते वेगळंच. त्याच्या ५० टक्क्यांनी कपड्याच्या गिरण्या अडचणीत येणार म्हणून इकडे कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून काढून टाकलं. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत. बोंडं फुटायच्या आत मुदत ३१ डिसेंबर झाली. म्हणजे आमची वेचणी नि बाहेरच्या स्वस्त गाठी एकाच वेळी. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११०, पण खेडा खरेदीवाला दारात येऊन बोंड दोन बोटांत दाबतो, ओल आहे म्हणतो, कटती सांगतो. मी म्हटलं हमीभाव? तो म्हणे, भाऊ, ट्रम्पला विचारा.

त्याचं शुल्क तिकडे, आपलं शुल्क इकडे. दोन्ही आमच्या परस्पर.

केळीचा_घड
शुल्क आपल्या सरकारनं काढलं, त्याचा राग त्या बाबावर कशाला?

कवडी_कापूस
राग वाटून घेतलाय, जिभाऊ. दोघांना पुरून उरेल एवढा आहे.

बोरीकाठ
सगळ्यांचे आभार. काल 'जशास तसे', 'अन्योन्य', 'साटंलोटं' सगळं कागदावर उतरवून फळ्यापाशी गेलो. आबा माझ्या आधीच येऊन गेले होते. माझं वाक्य पुसलं नाहीये, 'परस्पर'च्या आधी डोक्यावर बाण काढून वाकड्या अक्षरात एक शब्द घातलाय : 'आपल्या'. आता वाक्य असं आहे, "अमेरिकेने भारतावर आपल्या परस्पर शुल्क लावले." तापीपल्याड यांचा षष्ठीचा नियम आबांना कोणी सांगितला, माहीत नाही. तसंच ठेवू का?

व्याकरणदास
'भारतावर' आणि 'आपल्या' एकाच वाक्यात, हा 'आपल्या' अमेरिकेकडेही जाऊ शकतो. 'आम्हा भारतीयांच्या परस्पर' हवं. आणि शेवटी पूर्णविराम आहे का ते बघा.