मदत हवी आहे (ऑगस्ट २०२०): आईला गणपतीला गावी न्यायचंय, एसटी की गाडी?

रानवारा: उद्यापर्यंत ठरवायचंय, लवकर सांगा. करोनाचा धोका कशात कमी? "जाऊच नका" नको, घरचा गणपती आहे, पूजेला दुसरं कोणी नाही.

कातळ: कुठून कुठे? आईचं वय? काही आजार?

रानवारा: डोंबिवली ते गुहागर. ६८. इन्सुलिन चालू आहे.

मसालेवाली: एसटीच! जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास लागत नाही, एका बसमध्ये २२च माणसं. आम्ही परवाच आलो, काही झालं नाही.

निशिगंध: पावसामुळे काचा बंद, त्यात २२ जण सात-आठ तास. तुम्हाला झालं नाही म्हणून त्यांच्या आईला होणार नाही? गाडीच करा. एसी बंद, काचा चार बोटं खाली, ड्रायव्हरच्याही तोंडाला मास्क. झडपेचा एन-९५ नको, झडपेतून श्वास न गाळता बाहेर पडतो. जुलैत आरोग्य मंत्रालयानेही तेच सांगितलंय.

मसालेवाली: भाड्याच्या गाडीत काल कोण बसलं होतं ते कुठे माहीत असतं?

बाबूराव: अर्सेनिक अल्बम ३० या होमिओपॅथीच्या गोळ्या तीन दिवस उपाशीपोटी द्या, निर्धास्त जा.

निशिगंध: त्याने करोना टळतो याला पुरावा नाही. कृपया कुणाला निर्धास्त करू नका.

कोकणकडा: वडखळचे खड्डे टाळा. खोपोली-पाली-वाकण पकडा.

रानवारा: अहो, रस्ता नाही विचारला! आईला दर दोन-तीन तासांनी खावं लागतं, मास्क काढावाच लागेल. तेव्हा काय करू?

निशिगंध: हॉटेलात बसू नका. दशम्या घरून घ्या, गाडी थांबवून मोकळ्यावर खाऊ दे. पाण्याचा कॅन आणि साबण जवळ ठेवा, आधी २० सेकंद हात धुवा. इन्सुलिन थंड पिशवीत, डिकीत नको.

कातळ: निघताय कधी? १२ ऑगस्टच्या आत पोचलात तर १० दिवस विलगीकरण, नंतर गेलात तर ४८ तासांतली निगेटिव्ह चाचणी. सरपंचांशी बोललात?

रानवारा: १० ला पहाटे. सरपंचांना आज फोन करतो. घर बंद आहे, चावी शेजारच्या काकूंकडे. आई आली की त्या धावत येणार.

कातळ: त्यांना आधीच सांगा, चावी पडवीत ठेवा आणि दहा दिवस अंगणातूनच बोला. तुम्ही शहरातून जाताय, धोका त्यांनाही आहे.

मोदकप्रिय: गुरुजी व्हिडिओवरून पूजा सांगतात हल्ली.

रानवारा: पूजा मीच करतो. गाडी ठरवली. ई-पास मात्र अजून प्रलंबितच दाखवतोय, कुणाला किती वेळ लागला?

कातळ: अर्जात ड्रायव्हर धरून किती माणसं लिहिलीत?