घरी 20 लिटरचा ऑल-ग्रेन बीअर सेटअप, सोलापूरच्या उन्हात जमंल का?

वेल्डिंगवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आपलं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, डेअरीच्या टाक्या, हॉटेलच्या भट्ट्या असलं काम, त्यामुळं एसएस 304 चं भांडं बनवणं हा प्रश्नच नाही. डोक्यात खूळ बसलंय की तयार एक्स्ट्रॅक्ट (मॉल्टचा पाक) न वापरता बार्ली मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) भरडून सगळं पहिल्यापासून घरी करायचं. व्हिडिओत जो तो तीन भांडी दाखवतोय, गरम पाण्याचं वेगळं, मॅशचं (मॉल्ट गरम पाण्यात भिजवायचं) वेगळं, उकळायचं वेगळं, वर दोन पंप. एवढं खरंच लागतंय का? आणि मेन म्हणजे उकळल्यावरचं कूलिंग. तिकडं कॉपर कॉइल टाकून नळ सोडतात की झालं, आपल्याकडं नळ चार दिवसांआड आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळतंय. काय करावं?

साखरपेठ_ते_मेलबर्न:
तीन भांडी विसरा मालक. एकच 40 लिटरचं पातेलं आणि आत बसणारी जाळीदार कापडाची पिशवी, इथं बहुतेक जण पिशवीवरच सुरुवात करतात. 5 किलो मॉल्टला 28-29 लिटर पाणी घ्यायचं, कारण 3-4 लिटर धान्य पितंय, तेवढंच तासाभराच्या उकळीत उडतंय आणि थोडा गाळ राहतोय. पाणी 70 डिग्रीला आणून पिशवीत मॉल्ट सोडलं की 66-67 वर बसतंय, मग गॅस बंद, झाकण, वरून दोन सोलापुरी चादरी गुंडाळायच्या आणि तासभर हात लावायचा नाही. तेवढ्यात स्टार्चची साखर होते. झाली का बघायची तर मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन बशीतल्या थेंबावर टाका, निळं-काळं झालं तर अजून थांबा (तो थेंब टाकून द्यायचा, परत भांड्यात नाही). पिशवी उचलायला वर कप्पी बसवा, ओलं धान्य लई जड होतंय. घरच्या शेगडीवर एवढं पाणी उकळेपर्यंत रात्र होईल, ती तुमची हॉटेलवाली भट्टीच लावा.

कूलिंगचं म्हणाल तर कॉइल करूच नका. पाणी 35 चं असलं की वर्ट (मॉल्टचं उकळलेलं गोड पाणी) कितीही वेळ ठेवा, 35 च्या खाली येणारच नाही. इथं ऑस्ट्रेलियात पाण्याच्या टंचाईमुळं लोक उकळतं वर्ट सरळ जाड एचडीपीई प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरतात, हवा दाबून काढतात, झाकण लावून रात्रभर सोडून देतात. फक्त ते तासन् तास गरम राहतं म्हणून हॉप्सचा (उकळीत टाकायची कडवट फुलं) कडूपणा वाढत जातो, तर शेवटी टाकायचे हॉप्स आणखी उशिरा टाकायचे. यीस्ट म्हणाल तर नॉर्वेच्या खेड्यांतलं क्वाइक म्हणून एक आहे, ते 35 डिग्रीत मजेत काम करतंय, नेहमीचं बीअरचं यीस्ट त्या उन्हात घाण वास सोडंल.

काळा_कोट:
सगळं छान चाललंय पण मेलबर्न आणि सोलापूर एक नाही बे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949, कलम 65. लायसन नसताना मादक पेय तयार करणं गुन्हा, आणि त्या हेतूनं भांडी-सामान बाळगणं हासुद्धा गुन्हा. हातभट्टीच्या केसला जे कलम लागतंय तेच हे. "घरी प्यायलाच केली साहेब, विकली नाही" याला काही अर्थ नाही. पुण्यातल्या मायक्रोब्रुअऱ्या लायसनवर चालतात. हौशी माणसासाठी तसली सोय आपल्याकडं नाही. एमआयडीसीत शॉप असलेल्या माणसानं तर हा विषय लांबच ठेवावा.

वेल्डिंगवाला_सोलापूर:
सामान बाळगणं पण 🙄 हे माहीत नव्हतं, बरं झालं बोललात. मग यीस्टच टाकलं नाही तर? म्हणजे मॅश, उकळी, थोडे हॉप्स आणि थंड करून तसंच प्यायचं, मॉल्टचं सरबत. मला खरी मजा मॅशिंगचीच आहे, पिण्याचं एवढं काही नाही (बायको हे वाचणार नाही, तरी लिहून ठेवतो).

काळा_कोट:
अल्कोहोलच नाही तर मग माल्टाच (बिनदारूचं मॉल्टचं पेय) की तो. प्या खुशाल.

मालदांडी_मंगळवेढा:
सरबतच करायचंय तर बार्ली कशाला मागवता ओ, आपली ज्वारी आहे की. पण बार्लीचा हिशोब तिला लागत नाही. ज्वारीचा स्टार्च साधारण 70 च्या पुढंच नीट फुगतो आणि त्या उष्णतेला मॉल्टमधले एन्झाइम (स्टार्चची साखर करणारे) मरायला लागतात. म्हणून आफ्रिकेत ज्वारीवाले आधी कोमट पाण्यात एन्झाइम काढून ते पाणी बाजूला ठेवतात, उरलेलं धान्य शिजवतात, गार करून परत ते पाणी मिसळतात. आणि एक महत्त्वाचं, ज्वारीला मोड आणले की मोडात-मुळात सायनाइड देणारं द्रव्य तयार होतंय, कोवळं कडवळ खाऊन जनावर दगावतं ते ह्याच्यामुळंच. मोड आलेली ज्वारी चांगली वाळवून मोड-मुळं चोळून पाखडून टाकायचीच, त्यात आळस नको. भरडायला गिरणीवाल्याला भरडा सांगा, पीठ झालं तर पिशवीतून थेंब गळायचा नाही.

साखरपेठ_ते_मेलबर्न:
यीस्ट नाही म्हणजे मग ते कॅनमध्ये भरून ठेवायचं मी सांगितलेलं सोडा. न आंबवलेलं गोड वर्ट बंद डब्यात बाहेर ठेवलं तर बोट्युलिझमची (जीवघेण्या विषबाधेची) भीती असते. 5 लिटरचीच बॅच करा, बर्फाच्या टबात पातेलं ठेवून गार करा, लिंबू पिळा, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांत संपवा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर आदल्या रात्री उघडं ठेवा किंवा आधी उकळून घ्या. 40 लिटरचं भांडं आता लागणार नाही तुम्हाला.

वेल्डिंगवाला_सोलापूर:
भांडं तर परवाच कापून ठेवलंय ओ 😀 बघू, हुरडा पार्टीला पाणी तापवायला होईल. मंगळवेढेकर, मोड आणायला ज्वारी किती तास भिजवायची आणि ह्या उन्हात गोणपाटाखाली ठेवली तर आंबत नाही का, ते जरा सविस्तर लिहा.