कूलर, एसी की अजून काही? मे महिन्याचं बिल 412 युनिट (मानेवाडा, नागपूर)

मानेवाड्याची सून

नमस्कार. 20 मे 2024 पर्यंतच्या महिन्याचं आमचं बिल आलं, 412 युनिट, साडेपाच हजारांच्या वर. फेब्रुवारीत 118 युनिट होते. घर वरच्या मजल्यावरचं, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री एकपर्यंत भिंती गरम असतात. सासूबाईंचं मार्चमध्ये ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी घाम येऊ देऊ नका सांगितलं आहे, म्हणून त्यांच्या खोलीत एक टनाचा एसी रात्री दहा ते सकाळी सहा लावतो, 22 वर. दिवसा हॉलमध्ये लोखंडी कूलर, सकाळी नऊ ते रात्री नऊ. बाकी फ्रिज, तीन पंखे, टीव्ही.

बिल पाहून सासूबाई परवा स्वतः रिमोट घेऊन एसी बंद करायला उठल्या. "माझ्यापायी एवढा खर्च नको" म्हणाल्या. मला ते फार लागलं. खरंच एसीमुळेच आहे का हे? नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) 25 तारखेला लागतो, त्याआधी काय ते ठरवायचं आहे. कृपया अंदाजाने सांगू नका, हिशेब कसा करायचा तेवढं सांगा.

वायरिंगवाला, प्रतापनगर

ताई, आधी एक गोष्ट. पुष्कळ लोकांना वाटते का तीनशेच्या वर गेलं की सगळे युनिट महाग होतात. तसं नाही जी. पहिल्या शंभरला पहिला दर, पुढच्या दोनशेला दुसरा, तीनशेनंतरच्यांना तिसरा. 2024-25 च्या घरगुती दरात हे 4 रुपये 71 पैसे, 10 रुपये 29 पैसे आणि 14 रुपये 55 पैसे होते. प्रत्येक युनिटवर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणायचे, 1 रुपया 17 पैसे वेगळे होते, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिले शंभर युनिट तुम्हाला पावणेसातच्या आसपास पडले, मधले सव्वातेरा, आणि वरचे 112 सव्वाअठरा रुपयाला एक. त्या 112 चेच दोन हजार झाले! सरासरी काढत बसू नका, वरचे युनिट कुठून आले ते शोधा.

शोधायची रीत अशी. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, बाजूला आकडा छापलेला असतो, बहुतेक 3200. तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचं बटणसुद्धा. मग एकच वस्तू लावा आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजा. साधा पंखा चार वेळा लुकलुकते, म्हणजे 75 वॅट. कूलर पंपासकट दहा-बारा पाहिजे, दोनशेच्या आसपास. एसी असा मोजू नका, त्याचा कॉम्प्रेसर थांबतो-चालतो. त्याच्यासाठी झोपताना आणि उठल्यावर मीटरचे युनिट लिहून ठेवा.

त्रिमूर्तीनगर

22 कशाला? 26 वर ठेवा आणि पंखा एकवर. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. नव्या एसींना 24 ची सेटिंग त्यांनीच आणली. माझी आई 79 वर्षांची आहे, तिला 26 ला चादर लागते.

आणि कूलरच्या ताट्या (पाणी झिरपणाऱ्या गवताच्या जाळ्या) बदलल्या का? जुन्या ताट्यांवर पांढरा थर बसतो, हवा ओढली जात नाही, मग आपण तासन्तास चालवत राहतो. खिडकी उघडी हवीच, नाहीतर नुसता दमटपणा.

मानेवाड्याची सून

दोघांचेही मनापासून आभार. काल आणि आज मुलाला मीटरजवळ उभं केलं, मी आतून बटणं दाबली.

एसी: रात्री दहा ते सहा एकूण सात युनिट. त्यात पंखे आणि फ्रिजचे दोन धरले तर एसीचे पाच, महिन्याला दीडशे.

कूलर: मिनिटाला 18! मुलगा चुकला असेल म्हणून तीनदा मोजायला लावलं, तिन्ही वेळा 18. म्हणजे 340 वॅटच्या जवळ, बारा तासांत चार युनिट, महिन्याला 120. ज्याला आम्ही स्वस्त समजून दिवसभर चालवत होतो तोच एसीच्या खांद्याला खांदा लावून बसला होता. सासूबाईंना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला.

मोटर गरम होते, हात ठेववत नाही. 2019 मध्ये ती जळाली होती, आतली तार पुन्हा गुंडाळून घेतली होती. त्यात काही आहे का?

वायरिंगवाला, प्रतापनगर

हो जी, त्यातच आहे. वाइंडिंग नीट बसलं नसेल किंवा बेअरिंग सुकले असतील, मोटर जास्त करंट ओढते आणि तो उष्णतेत जाते. तेल घालून एकदा मोजा. फरक नाही पडला तर मोटर बदला, पुन्हा गुंडाळू नका. आणि पात्याचा माप तोच ठेवा, मोठं पातं लावून देतात दुकानवाले.

मानेवाड्याची सून

तेलाने 17 झाले, म्हणून सीताबर्डीहून नवी मोटर आणली, 1,650 रुपये. आता 11. दिवसाला दीड युनिटापेक्षा जास्त वाचतात, आणि ते सव्वाअठरा रुपयांचे, म्हणजे दोन महिन्यांत मोटर वसूल. ताट्याही बदलल्या. एसी 26 वर आहे, रात्रीचे साडेपाच युनिट आले. सासूबाई सकाळी सहापर्यंत झोपल्या होत्या, रिमोट मी त्यांच्याच उशीजवळ ठेवला आहे.

शेजारच्या काकू गच्चीला चुना मारा म्हणतात, खालची खोली थंड राहते म्हणे. आमची गच्ची 600 चौरस फूट आहे. कोणी मारला असेल तर किती किलो लागला आणि किती हात दिले, सांगाल का? शनिवारी सुरुवात करायची आहे.